जांभळाचा शेवटचा मध काढायचा की ठेवायचा? – उन्हाळा सरताना पेट्यांची काळजी (कोल्हापूर)

रंकाळाकाठ | २१ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. २० मे हा जागतिक मधमाशी दिन, म्हणून आपल्या गटाची या महिन्याची बैठक कालच घेतली. गारगोटीच्या पुढं एका सभासदाच्या बांधावर अकराजण जमलो होतो, त्यात तिघं नवीन. चार पेट्या उघडल्या, चारही सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी माशीच्या. जांभूळ फुलून गेलाय, हिरडाही संपत आलाय. सुपरमध्ये, म्हणजे पेटीच्या वरच्या मधकोठीत, मध आहे आणि बराचसा मेणानं बंद झालेला आहे. तिथंच वाद सुरू झाला: हा शेवटचा मध काढायचा का? जेवणापर्यंत तो मिटला नाही, म्हणून इथं धागा काढते आहे.

माझं मत आधीच सांगते: काढू नये. असं का म्हणते तेही सांगते.

गेल्या वर्षी १८ मेला मी माझ्या दोन पेट्यांतला सुपरचा सगळा मध काढला. तेवढ्यावर थांबले नाही. खालच्या पिलावाकोठीतल्या (जिथं राणी अंडी घालते आणि पिलावा, म्हणजे पिल्लं, वाढतात) कडेच्या दोन-दोन फ्रेमही जड दिसल्या, त्याही मध काढायच्या यंत्रात फिरवल्या. साडेतीन किलो मध निघाला, फार आनंद झाला. जूनमध्ये पाऊस लागला आणि दोन आठवडे झड उघडलीच नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात उघडीप मिळाली तेव्हा पेटीजवळ गेले. दारात एकही माशी नव्हती. झाकण काढलं. मधल्या दोन पोळ्यांवर मूठभर माश्या होत्या, पण त्या हलत नव्हत्या. जवळून पाहिलं तर प्रत्येक माशी डोकं पोळीच्या घरात (षटकोनी खणात) खुपसून बसलेली, फक्त पोटाचा टोकाकडचा भाग बाहेर. फुंकर मारली तरी तशाच. खाली फळीवर मेलेल्यांचा थर होता. राणी त्यातच सापडली.

मला वाटलं रोग आला. फोटो गटात टाकला तर जुन्या सभासदांनी एका ओळीत उत्तर दिलं: रोग नाही, उपासमार आहे. शेवटचा थेंब शोधत माश्या घरात डोकं घालतात आणि तिथंच मरतात. तो फोटो मी अजून काढून टाकलेला नाही.

आपल्याकडं जूनपासून निदान ऑगस्टपर्यंत माशीला फार थोडं मिळतं. पश्चिमेकडं तर पाऊस तिला बाहेरच पडू देत नाही. पुढं तेरडा, सोनकी, कारळे फुलले की पुन्हा सुरुवात. मधल्या काळाची शिदोरी म्हणजे हाच जांभूळ-हिरड्याचा मध. तो आपण बाटलीत भरला तर त्यांनी खायचं काय?

जाणत्यांनी लिहावं. नव्यांनी विचारावं.

भुदरगडी | २१ मे, रात्री १०.१५

ताई, फोटो मीही बघितलेला. हे मी आजोबांना विचारून लिहितोय. त्यांनी लाकडी पेटी यायच्या आधीपासून माशी बघितलीय. त्यांचे शब्द जसेच्या तसे: "पावसाळ्यात माशी काय खाईल? तुझा पैसा खाईल व्हय? पोटापुरतं ठेव, मग तुझं घे."

आमच्याकडं पाटगावच्या बाजूला पाऊस सुरू झाला की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. महाबळेश्वरजवळच्या मांघरनंतर आमचं पाटगाव सरकारी योजनेतलं 'मधाचं गाव' झालं, तेव्हापासून पेट्या वाढल्या, नवी पोरं आली. पोरं हौशी आहेत, पण पहिल्या वर्षी बहुतेक सगळ्यांनी ताईंसारखंच केलं. मध काढायला शिकवणारे भेटतात, ठेवायला शिकवणारा लवकर भेटत नाही.

आजोबांचा हिशेब असा: पिलावाकोठीला हात लावायचाच नाही, कधीच नाही. त्या कोठीतल्या प्रत्येक पोळीच्या वरच्या बाजूला मधाची कमान असते, मग परागाचा पट्टा, मग पिलावा. ती कमान चार बोटं रुंद असली की पेटी पावसाळा काढते. दोन बोटं असली तर सुपरमधलं काही ठेवावं लागतं.

बावड्याची गच्ची | २२ मे, सकाळी ७.०५

मी बैठकीला आलेल्या तीन नवीन माणसांपैकी एक. कसबा बावड्यात गच्चीवर एकच पेटी आहे, फेब्रुवारीत मिळाली. मीटरच्या खोक्यात वसलेली वसाहत गटातल्या दोघांनी काढून दिली होती. पोळी कापून केळीच्या सोपटानं फ्रेमला बांधली, आठ दिवसांत माश्यांनी ती मेणानं चिकटवून घेतली आणि सोपट कुरतडून बाहेर टाकलं. मी रोज सकाळी ते तुकडे गोळा करायचो.

दोन प्रश्न आहेत. एक, दुपारी तीनच्या सुमारास माश्या दारातून बाहेर येऊन पेटीवर दाढीसारख्या लोंबतात. उडून जाणार आहेत का? दोन, काल पिलाव्यात एकेका घरात दोन-दोन, काही ठिकाणी तीन अंडी दिसली. राणी जोरात आहे असं समजायचं का?

रंकाळाकाठ | २२ मे, सकाळी ८.३०

दादा, पहिल्या प्रश्नाचं आधी. बहुतेक ती उकाड्याची दाढी आहे. गच्चीचा सिमेंट दुपारी भाजतो, पेटी खालून तापते. खात्री करायची तर पोळ्यांच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी लोंबती राणीघरं आहेत का बघा. नसली तर सावली करा. झावळ्या किंवा उसाचा पाला पेटीच्या वर हातभर उंचीवर बांधा, झाकणावर ओलं किंतान टाका, झाकणाखाली काडीपेटीच्या काडीएवढी फट ठेवा. जवळ पसरट भांड्यात पाणी ठेवा आणि त्यात खडे टाका, म्हणजे बुडणार नाहीत. हे पाणी पिण्यापुरतं नसतं. माश्या ते पोळ्यांवर पसरतात आणि पंखांनी वारा घालून पेटी थंड करतात. भांडं एक दिवसही कोरडं पडू देऊ नका, नाहीतर त्या शेजारच्यांच्या टाकीवर जातील आणि तक्रार तुमच्यावर येईल.

दुसऱ्या प्रश्नानं काळजी वाटली. राणी एका घरात एकच अंडं घालते, तेही तळाच्या मधोमध. दोन-तीन अंडी, घराच्या भिंतीला चिकटलेली, वेडीवाकडी, असं असेल तर राणी गेलीय आणि कामकरी माश्याच अंडी घालताहेत. त्यांची अंडी फळलेली नसतात, त्यातून फक्त नर निघतात. सातेरीत हे फार पटकन सुरू होतं. आज जमलं तर मी येते. तोवर पेटी पुन्हा उघडू नका.

बावड्याची गच्ची | २२ मे, सकाळी ८.४१

भिंतीलाच चिकटलेली आहेत. या ताई. मी घरीच आहे.

तिसरी फ्रेम | २२ मे, दुपारी १.२०

सगळ्यांच्या भावना समजतात, पण मला एक दुसरी बाजू मांडायची आहे. "सगळा मध ठेवा" हा सल्लाही पेट्या मारतो. माझ्या दोन मेल्या, म्हणून सांगतो.

मी आजऱ्याकडं असतो. दोन वर्षांपूर्वी मी भरलेले सुपर तसेच पेटीवर ठेवले. पावसात राणीनं अंडी घालणं कमी केलं, माश्या कमी झाल्या आणि वरच्या पोळ्यांवर पहारा उरला नाही. तिथं मेणपतंग शिरला, याच्या अळ्या पोळी पोखरतात. एका पोळीत पांढऱ्या रेशमी भुयारांची जाळी झाली, दुसऱ्या आठवड्यात ती खालच्या कोठीत उतरली आणि एका सकाळी सगळी वसाहत उडून गेली. मध जागेवर होता, माश्या नव्हत्या. सातेरी अशीच आहे. तिला जागा आवडली नाही की ती झुंजत बसत नाही, निघून जाते.

म्हणून माझा नियम साधा आहे: जेवढ्या पोळ्या माश्यांनी गच्च झाकल्यात तेवढ्याच पेटीत राहतील. पिलाव्याजवळचा मध ठेवायचा, माश्या न बसणाऱ्या पोळ्या बाहेर. काढलेल्या रिकाम्या पोळ्या मी दोन दिवस डीप फ्रीजमध्ये ठेवतो, त्यात अळी आणि अंडी दोन्ही मरतात, मग हवाबंद डब्यात भरतो. काळ्या पडलेल्या जुन्या पोळ्या ठेवतच नाही, उकळत्या पाण्यात मेण काढून घेतो. मेणपतंगाला जुनी काळी पोळी सगळ्यात आवडते.

आणि तळफळी. दर आठ दिवसांनी खरवडून पुसायची. खाली पडलेल्या मेणाच्या चुऱ्यात अळी वाढते. मे महिन्यात ही सवय लागली तर पावसाळ्यात पेटी फार वेळ उघडावी लागत नाही.

भुदरगडी | २२ मे, दुपारी २.१०

हे वाचून दाखवलं. आजोबा म्हणाले, "बरोबर बोलतंय पोरगं. घर माणसाच्या मापाचं पायजे."

रंकाळाकाठ | २२ मे, रात्री ८.५५

तिसरी फ्रेम, तुमचं म्हणणं मला मान्य आहे आणि माझं वाक्य मी दुरुस्त करते. भरपूर माश्या असलेल्या पेटीवर अर्धा सुपर ठेवायचा. कमजोर पेटीचा सुपर उतरवायचा, पण पिलावाकोठीतला थेंबही घ्यायचा नाही आणि कमी पडलं तर साखरेचं पाणी द्यायचं. उतरवलेल्या सुपरमधला मध आपला, तो घ्यायला माझी हरकत नाही. फक्त मेणानं बंद झालेलाच घ्या. सातेरीच्या मधात मुळात पाणी जास्त असतं आणि बंद न झालेला मध बाटलीत आंबतो. वीस टक्क्यांच्या वर पाणी असलेला मध अन्नसुरक्षेच्या नियमातही बसत नाही.

बावड्याचं सांगते. दुपारी जाऊन पाहिलं. राणी खरंच नाही. चार फ्रेमवर माश्या आहेत, पण त्या म्हाताऱ्या. माझ्याकडं एक छोटी वसाहत आहे, राणी चांगली, माश्या कमी. दोन्ही एकत्र करायचं ठरवलं. संध्याकाळी माझी पेटी बावड्याला नेली, वर 'पुढारी'चं एक पान पसरलं, त्याला दाभणानं आठ-दहा भोकं पाडली आणि त्यावर राणी नसलेली कोठी ठेवली. कागद कुरतडून एकमेकींपर्यंत पोचायला त्यांना दोन-तीन दिवस लागतात, तोवर दोन्हीकडचा वास एक होतो आणि मारामारी होत नाही. पावसाच्या तोंडावर दोन अशक्त पेट्या जपण्यापेक्षा एक सशक्त पेटी जपणं नेहमी शहाणपणाचं. नव्यांना हे जड जातं, पेट्यांची संख्या कमी झालेली बघवत नाही. मलाही जड गेलं होतं.

काहील | २३ मे, सकाळी ६.३०

आमचं गुऱ्हाळ आहे. मी पेट्या पाळत नाही, पण माझी लेक तुमच्या गटात आहे आणि हा धागा तिनं मला दाखवला. एक गोष्ट मनात सलते ती लिहितो.

हंगामाच्या शेवटी, एप्रिल-मेच्या उन्हात, माश्या गुऱ्हाळावर फार येतात. रसाच्या टाकीत पडतात, काहिलीच्या कडेला बसतात, वाफेत सापडतात. मळी काढताना झाऱ्यावर शेकड्यानं मेलेल्या माश्या येतात. लहानपणापासून बघत आलोय, त्याचं काही वाटायचं नाही. लेकीनं पेटी ठेवल्यावर वाटायला लागलं. यंदा रसाच्या टाकीवर मच्छरदाणीचं कापड ताणून बांधलं, गाळणीच्या तोंडालाही बांधलं, आणि चिपाडाच्या ढिगाजवळ दोन पसरट घमेल्यांत साधं पाणी ठेवलं. मरणाऱ्या माश्या खूप कमी झाल्या. गूळही स्वच्छ निघतो, म्हणजे आमचाही फायदाच.

विचारायचं ते असं: साखर महाग पडते, आमच्याकडं गूळ आहे. पावसाळ्यात पेट्यांना गुळाचं पाणी दिलं तर चालेल का?

तिसरी फ्रेम | २३ मे, सकाळी ७.४५

काका, तुम्ही मच्छरदाणी बांधलीत हे वाचून फार बरं वाटलं. पुढच्या हंगामाच्या आधी हे प्रत्येक गुऱ्हाळावर जाऊन सांगायला हवं, तुम्ही बरोबर असलात तर लोक ऐकतील.

गूळ मात्र नको. गुळात खनिजं आणि न पचणारे बाकीचे घटक असतात, ते माशीला सोसत नाहीत. पावसात ती बाहेर पडू शकत नाही, पोट बिघडतं आणि पेटीतच घाण होते. पांढरी स्वच्छ साखरच लागते. माणसासाठी गूळ चांगला, माशीसाठी साखर.

रंकाळाकाठ | २३ मे, सकाळी ९.००

काका, तुमच्या लेकीला सांगा, बाबांना पुढच्या बैठकीला घेऊनच ये.

पाकाचं प्रमाण विचारलं जाणारच, म्हणून लिहून ठेवते. पाणी उकळून खाली उतरवायचं, मग साखर घालून ढवळायची. चुलीवर ठेवून साखर करपवायची नाही. एक किलो साखरेला एक लिटर पाणी, हे राणीला अंडी घालायला उत्तेजन देण्यासाठी. साठवणीसाठी द्यायचं तर साखर दुप्पट. पूर्ण थंड झाल्यावर नारळाच्या करवंटीत ओतायचं, त्यात दोन-चार काटक्या तरंगत्या ठेवायच्या, करवंटी पेटीच्या आत. नेहमी संध्याकाळी. अंगणात जेवढ्या पेट्या असतील तेवढ्यांना एकाच संध्याकाळी, नाहीतर बळकट पेटी कमजोर पेटीला लुटते. लूट सुरू झाली की दारात माश्या गुंतून पडतात, जमिनीवर कुस्ती चालू असते आणि तासाभरात कमजोर पेटी संपते. म्हणून पाक देताना दार बोटभर रुंदीचं करून ठेवा.

आणि पाक दिलेल्या पेटीतला मध पुढं विकू नका. तो मध नसतो.

शिरोळचा माळ | २३ मे, रात्री ९.१०

सगळे पश्चिमेकडचे बोलताहेत, मी पूर्वेकडचा. आपला जिल्हा विचित्र आहे. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आमच्या शिरोळला पाचशेच्या आसपास, आणि मधलं अंतर शंभर किलोमीटर. म्हणजे तुमच्याकडं माशी कोंडलेली असते तेव्हा आमच्याकडं मक्याला तुरा असतो, कुठं सूर्यफूल असतं. मक्यात मध नाही, पण पराग भरपूर. भुदरगडच्या एका सभासदाच्या पेट्या मी दोन पावसाळे माझ्या माळावर सांभाळल्या, दोन्ही वेळा चांगल्या राहिल्या.

पण दोन गोष्टी आधी सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये माझ्या पेट्या नदीकाठच्या गाळाच्या रानात होत्या. पाणी वाढतंय म्हणून रात्री गेलो तर वाटच बंद झालेली. सहा पेट्या गेल्या. २०२१ ला शहाणा झालो, जुलै लागायच्या आधीच माळावर आणल्या, एकही गेली नाही. पेट्या पूर्वेला पाठवायच्या असतील तर जागा किती उंच आहे ते आधी विचारा, पीक काय आहे ते नंतर.

दुसरी गोष्ट फवारणी. सोयाबीन आणि भाजीपाल्यावर औषध मारतात. मी आजूबाजूच्या सोळा शेतकऱ्यांचे फोन नंबर घेऊन ठेवलेत. संध्याकाळी मारा, फुलात असताना मारू नका, एवढंच सांगतो, आणि आदल्या दिवशी मला कळवा म्हणतो. बहुतेकजण कळवतात. ज्यांनी कळवलं त्यांच्या घरी दिवाळीला मधाची बाटली जाते.

न्यायचं तर रात्री, दाराला जाळी ठोकून, फ्रेम हलू नयेत म्हणून फटींत पाचर मारून. टेम्पोत पेटीतल्या पोळ्या गाडीच्या दिशेला समांतर ठेवा, आडव्या नको. ब्रेक लागला की आडवी पोळी तुटते, त्यात राणी चेंगरते.

भुदरगडी | २४ मे, सकाळी ६.५०

पेट्या हलवायच्या की नाही यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत. मला हलवाव्या वाटतात. आजोबांना नाही. ते म्हणतात इथली माशी इथल्या पावसाला सरावलेली आहे, तिला नीट जागा आणि पोटापुरतं दिलं की ती राहते. यंदा सहा पाठवतो, सहा ठेवतो, वहीत लिहून ठेवतो. ऑक्टोबरमध्ये इथंच सांगेन.

ठेवायच्या सहांची तयारी त्यांनी काल करून घेतली. पेटीचं तोंड पूर्वेला, कारण पाऊस आणि वारा पश्चिमेकडून मारतो. मागच्या पायांखाली चपटा दगड, म्हणजे पेटी किंचित पुढं झुकते आणि आत गेलेलं पाणी दारातून बाहेर येतं. झाकणावर पत्रा, पत्र्यावर दगड. मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडच्या पायांना पाण्याच्या वाट्या आहेतच, पण पावसात वाटीत पालापाचोळा पडून मुंग्यांना पूल मिळतो, म्हणून पायांना ग्रीसचा पट्टाही ओढला. भोवतीचं गवत कापलं.

माळरान | २४ मे, सकाळी ११.३०

थोडं वेगळं विचारते. आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीखाली आग्यामोहोळ आहे. लोक जाळायचं म्हणताहेत. तुमचा गट काढून नेतो का?

तिसरी फ्रेम | २४ मे, दुपारी १२.०५

ताई, आग्या पेटीत राहत नाही. ती उघड्यावर एकच मोठी पोळी बांधते, म्हणून तिला काढून नेणं आमच्या हातात नाही आणि आम्ही तसा प्रयत्नही करत नाही. पण कृपा करून जाळू देऊ नका. आग्या एका जागी वर्षभर राहत नाही, हंगामाप्रमाणे जागा बदलते. पावसाळ्याच्या तोंडावर ती बहुधा आपोआप निघून जाईल. तोवर टाकीखाली रात्री मोठा दिवा लावू नका, धूर करू नका, मुलांना दगड मारू देऊ नका. लोकांशी बोलायला आमच्यातलं कोणीतरी येईल. मागं अशा दोन सोसायट्यांत गेलो होतो, दोन्ही ठिकाणी लोकांनी ऐकलं.

बावड्याची गच्ची | २६ मे, संध्याकाळी ६.२०

आज सकाळी 'पुढारी'चा भुगा दारात पडलेला होता. केळीच्या सोपटासारखाच, बारीक बारीक. वरच्या कोठीतल्या माश्या खाली उतरल्यात, मारामारी नाही, मेलेल्या चार-पाचच. पेटी उघडली नाही, ताईंनी सांगितलंय पाच दिवस थांबायचं.

रंकाळाकाठ | ९ जून, रात्री ८.१५

धागा वर आणते. काल पाऊस लागला. त्याआधी परवा उघडीप होती तेव्हा बावड्याची पेटी पाहिली. पाच फ्रेम माश्यांनी भरलेल्या, घरात एकेकच अंडं, तळाशी उभं, भाताच्या कणीपेक्षाही बारीक. मधाची कमान तीन बोटं. दाराशी पाच मिनिटं बसले, तेवढ्यात नऊ माश्या पायांना पिवळा पराग लावून आल्या, शेजारच्या नारळाचा असावा.

माझ्या स्वतःच्या तीन पेट्यांतून यंदा मी सव्वा किलो मध काढला. बाकीचा आत आहे.

पुढची बैठक जुलैच्या पहिल्या रविवारी बावड्याच्या गच्चीवर, पाऊस असला तरी. पेटी उघडणार नाही, मागून हातानं उचलून वजनाचा अंदाज घ्यायला शिकायचं आहे. मधयंत्र सध्या कोणाकडं आहे? गटाच्या वहीत नोंद नाही. ज्यांच्याकडं असेल त्यांनी गरम पाण्यानं धुऊन, वाळवून आणा, गंज लागला तर सप्टेंबरात सगळ्यांची अडचण होईल.

शिरोळचा माळ | ९ जून, रात्री ८.३२

यंत्र माझ्याकडं आहे. धुतलंय. भुदरगडच्या सहा पेट्या काल रात्री सुखरूप पोचल्या, सकाळी सातला माश्या मक्यावर होत्या.